रविवारचा ब्रेक, सोमवारचा ब्रेक

मी बोलतोय तो गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाच्या आतून. जरा वाका आणि चाकाच्या आऱ्यांमधून आत बघा. लाल रंगाचा, दोन्ही पंजे जोडून मधे काहीतरी धरून बसलेला जो दिसेल, तो मी. मला कॅलिपर म्हणतात. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क माझ्या दोन पंजांमधून सारखी गरगरत जात असते. वर बसलेल्या माणसानं ब्रेकवर पाय दिला की नळीतून ऑइल माझ्याकडे धावत येतं, माझे चार पिस्टन पुढे सरकतात आणि पंजांत धरलेले दोन पॅड त्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. गाडी थांबते. काम एवढंच, पण वरची माणसं रोज घरी पोचतात ती त्याच्याच जोरावर.

उजव्या चाकात माझा जुळा आहे. एकाच दिवशी, ॲल्युमिनियमच्या एकाच रसातून आम्ही ओतले गेलो. आम्हाला एकमेकांचं तोंड कधी दिसत नाही. पण दोघांच्या अंगातून ऑइल एकच खेळतं, त्यामुळे त्याच्या मनातलं मला कळतं. आत्ता आम्ही दोघंही नुसते शिवशिवतोय. मे महिन्यातला पहिला रविवार आहे, बर्फ गेलंय, धावपट्टी कोरडी आहे!

पण ते नंतर. आधी मी इथवर कसा आलो ते सांगतो.

मी मुळात या गाडीचा नव्हेच. माझा पहिला मालक विनिपेग शहरातला एक दातांचा डॉक्टर. त्याची गाडी मोठी, जड आणि ऐटबाज. तेवढं धूड थांबवायला माझ्यासारखाच दणकट गडी हवा, म्हणून कारखान्यानं मला तिथे बसवलं. डॉक्टरचं घर ते दवाखाना हा रस्ता आठ मिनिटांचा. सिग्नलला बोटभर दाबायचं आणि सोडायचं. चार वर्षांत त्यानं मला एकदाही पूर्ण दाबलं नाही. पहिलवानाला आयुष्यभर दाराला कडी लावायला ठेवावं, तसा मी तिथे होतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ अंगावर साचायचं आणि उन्हाळ्यात त्याची खपली धरायची.

मग एका सकाळी हरीण आडवं आलं. डॉक्टरनं दणकून पाय टाकला. मला वाटलं, आली आपली वेळ! पण त्यानं लगेच पाय सैल केला. घाबरलेला माणूस आधी जोरात दाबतो आणि मग आपणच दचकून सोडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हरीण पळून गेलं. गाडी खांबावर गेली. डॉक्टरच्या चष्म्याखेरीज माणसाकडचं काही मोडलं नाही, पण गाडी भंगारात निघाली.

भंगारवाल्याच्या आवारात मी दोन हिवाळे काढले. माझे पिस्टन जाम झाले, अंगावर पांढरी बुरशी चढली. शेजारच्या गाड्यांचे दरवाजे जायचे, आरसे जायचे, सीटा जायच्या. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

आणि एप्रिलच्या चिखलात एक बाई माझ्यासमोर उकिडवी बसली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाना. तिनं माझ्यावरची माती अंगठ्यानं पुसली, पिस्टन मोजले आणि इतक्या जोरात शीळ घातली की आवाराचा मालक धावत आला.

"काय झालं?"

"काही नाही. हा घेते. आणि उजवीकडचा याचा भाऊपण."

ही स्वावा. सरोवरकाठच्या गिमली गावच्या बंदरावर बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात वेल्डिंग करते. वय चव्वेचाळीस, हसणं चार घरांपलीकडे ऐकू जाणारं. तिच्याकडे एक लहानशी निळी गाडी होती. तिचे मूळचे ब्रेक बाजारहाटापुरते ठीक होते, पण स्वावाला महिन्यातले दोन रविवार जुन्या हवाईदलाच्या धावपट्टीवर गाडी पळवायची असे. शर्यत नव्हे. तिथे बक्षीस नसतं, पहिला-दुसरा नसतो. आपली रोजचीच गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळीत मनसोक्त पळवायची. लहान गाडीला मोठ्या गाडीचे ब्रेक लावले तर काय बहार येईल, हे गणित तिनं महिनाभर डोक्यात मांडलं होतं.

तिनं मला उकळत्या पाण्यात घातलं, पिस्टन काढून घासले, नवे रबरी सील बसवले आणि मला या गाडीवर धरून ठेवायला जाड पोलादाचा जोड स्वतः कापून, भोकं पाडून तयार केला. शेवटी लाल रंग दिला.

"लाल रंगानं गाडी लवकर थांबते का?" दारातून एक आवाज आला.

"नाही गं. पण छान दिसतं."

"मग तेवढंच नीट झालंय म्हणायचं."

ही स्वावाची मोठी बहीण, इंगुन. ती नर्स आहे. गावोगावच्या, शेतावरच्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन बघते. कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाची जखम, कुणाला नुसतं अर्धा तास बोलायला हवं असतं. दोघी वडिलांच्या मागे राहिलेल्या घरात एकत्र राहतात आणि दिवसातून तीनदा भांडतात. स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजमध्येच उघडते, म्हणून मला सगळं ऐकू येतं.

इंगुनची स्वतःची गाडी त्याच वर्षी मार्चमध्ये सरोवरात गेली होती. गोठलेल्या सरोवरावरून पलीकडच्या मासेमारांच्या झोपड्यांकडे ती कुणाचं तरी इंजेक्शन घेऊन चालली होती. समोर बर्फाला भेग दिसली. तिनं ब्रेक दाबला आणि गाडी तशीच घसरत पुढे गेली. ती खिडकीतून बाहेर पडली, म्हणून वाचली. तेव्हापासून घरात एकच गाडी. सोमवार ते शुक्रवार इंगुनची, रविवारची स्वावाची. एका गाडीला दोन मालकिणी आणि मला दोन प्रकारचे पाय.

पहिल्या रविवारी आमची फजिती झाली, तीही सांगितली पाहिजे.

धावपट्टीच्या लांब सरळ भागाच्या शेवटी काटकोनात वळण आहे. तिथे गाडी ताशी एकशेसत्तर किलोमीटरवरून साठवर आणावी लागते. पहिल्या फेरीला मी कडकडून आवळलं. माझ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला पूर्ण दाबत होतं! दुसऱ्या फेरीला पॅडमधून धूर यायला लागला. ते रस्त्यावरचे साधे पॅड होते बिचारे. त्यांना एवढी उष्णता कुठली सोसायला! तिसऱ्या फेरीला ऑइल उकळलं. ऑइलमध्ये बुडबुडे झाले की पाय नुसते बुडबुडेच दाबतो, माझ्यापर्यंत काही पोचत नाही. पेडल फरशीला टेकलं. स्वावानं भराभर तीन-चारदा पाय मारला, जे मिळालं तेवढं घेतलं आणि गाडी सरळ गवतात घातली. कमरेएवढ्या गवतात आम्ही थांबलो.

सायकलवरून वॉल्टर बोडनार आला. सत्तरीचा, मिशाळ, तिथल्या सगळ्यांना शिकवणारा माणूस.

"गवत कापायला आलीस होय? मग नांगर तरी बांधून यायचं."

"वॉल्टर, पेडल गेलं खाली."

त्यानं वाकून चाकातून माझ्याकडे पाहिलं, मग झाकण उघडून ऑइल पाहिलं. ते चहासारखं काळपट होतं.

"कॅलिपर राजाचा आणला आहेस, आणि त्याच्या अंगात ऑइल तुझ्या आजोबांच्या लग्नातलं! अगं, नुसता हात मोठा करून भागतं का? त्याला खायला-प्यायला कोण घालणार?"

स्वावा गवतात बसूनच खदाखदा हसली. पण पुढच्या आठवड्यात तिनं सगळं मनावर घेतलं. लवकर न उकळणारं नवं ऑइल भरलं. रबरी नळ्या दाबानं फुगतात, म्हणून पोलादी जाळीच्या नळ्या लावल्या. आणि माझ्या पंजांत दिले शर्यतीचे पॅड.

काय सांगू त्या पॅडचं! तापले की वाघ. धावपट्टीच्या टोकाला इतर गाड्या आधीपासून ब्रेक लावायला लागायच्या आणि स्वावा त्यांच्याही पुढे चार गाड्यांच्या अंतरापर्यंत तशीच जायची. मग तिचा पाय खाली यायचा. दण्ण! डिस्क लालबुंद, माझं अंग भाजतंय, गाडीचं नाक खाली, पट्टा तिच्या छातीवर रुतलाय आणि हेल्मेटच्या आतून तिची आरोळी. उजवीकडून जुळा ओरडायचा, डावीकडून मी. फेरीमागून फेरी, पेडल तसंच्या तसं घट्ट. चार वर्षं सिग्नलला बोटभर दाबून घेतलेला मी, मला वाटलं, याच्यासाठीच आपण ओतले गेलो!

पण त्या पॅडमध्ये एक खोट होती. गार असले की ते दगड. किंचाळायचे आणि डिस्कवरून घसरायचे. रोजच्या रस्त्यावर ते कामाचे नाहीत, हे स्वावाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून धावपट्टीवरून आली की त्याच रविवारी संध्याकाळी ती जॅक लावायची आणि शर्यतीचे काढून साधे पॅड चढवायची. चाळीस मिनिटांचं काम. अख्खा उन्हाळा तिनं एकदाही चुकवलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी स्वावानं आयुष्यातली सगळ्यात वेगवान फेरी मारली. घरी आली ती नाचतच. इंगुननं माशाचे तुकडे तळले होते. स्वावा टेबलावर मिरपुडीची बाटली आणि काटे-चमचे मांडून एकेक वळण दाखवत होती.

"इथे मी आलेय. वॉल्टर इथे उभा, हात हलवतोय की आता थांब, आता थांब. आणि मी म्हटलं, अजून थोडं!"

"मिरपूड सांडशील माझी. मग? मग काय झालं?"

इंगुनही हसत होती, पुन्हा पुन्हा विचारत होती. किती दिवसांनी ती अशी हसत होती! साधे पॅड डिकीतल्या पिशवीत होते. त्या संध्याकाळी ते दोघींच्याही डोक्यातून गेले.

सोमवारी सकाळी शून्याखाली तीन होतं. छपरावर पांढरं दव. इंगुननं गाडी काढली. आमच्या गल्लीपासून मोठ्या रस्त्यापर्यंत ब्रेक लावायची वेळच आली नाही. मी गारठलेलो, पंजांत ते दगड. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझा आवाज ब्रेक लावल्यावरच फुटतो.

बेकरीसमोर पांढऱ्या पट्ट्यांवरून गिस्ली ब्रांडसन रस्ता ओलांडत होता. वय शहाऐंशी, चाकांची कुबडी ढकलत, हळूहळू. इंगुनचाच पेशंट. तिनं नेहमीसारखा पाय ठेवला. गाडी थांबेना. तिनं दचकून सैल केला, मग आणखी दाबला. मी जीव खाऊन आवळलं, जुळ्यानं आवळलं, पॅड किंचाळले आणि डिस्कवरून तसेच सरकत राहिले. गिस्लीनं वळून पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. पळणार कसा? मग कुठूनतरी थोडी ऊब आली, थोडी पकड आली आणि आम्ही थांबलो. बंपर आणि कुबडी यांच्यात वीतभर जागा होती.

गिस्लीनं काचेतून आत पाहिलं.

"इंगुन, तू दहाला येणार होतीस ना माझ्याकडे? एवढी काय घाई?"

तिनं काच खाली केली.

"अगं, मारायचंच होतं तर घरी येऊन सुई टोचायचीस. भर चौकात कशाला?"

इंगुन हसली नाही. तिनं गाडी कडेला घेतली. गाडी उभी होती तरी तिचा उजवा पाय पेडलवर तसाच रोवलेला होता आणि तो दाब ऑइलमधून माझ्यापर्यंत येत होता. ती पाच मिनिटं तशीच बसली. मग उतरून पायी निघून गेली.

संध्याकाळी खिडकीतून जे भांडण ऐकू आलं, ते रोजच्या तिन्हींपैकी नव्हतं.

"तू म्हणाली होतीस की आता गाडी पहिल्यापेक्षा लवकर थांबेल!"

"थांबते गं. ते पॅड तापले की..."

"गिस्ली ते तापायची वाट बघत उभा राहणार होता का?"



"चूक माझी आहे," स्वावा म्हणाली. "सगळी माझी."

"चूक कुणाची, ते नको मला. दोनदा झालं हे. दोनदा मी पाय दाबला आणि खाली काही नव्हतं. आता माझा पाय तिथे जाणार नाही."

खरंच गेला नाही. स्वावानं त्याच वेळी साधे पॅड चढवले आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जाण्याआधी तीच इंगुनला घरोघर सोडायला लागली. तरी सगळं जमत नव्हतं. लांबच्या शेतांवरची माणसं वाट बघत राहायची. कुणाची पट्टी दिवसभर उशिरा बदलली जायची. आणि स्वावा गाडी चालवत असतानाही, शेजारी बसलेली इंगुन दर वळणाला आपल्या बाजूच्या फरशीवर उजवा पाय दाबायची. तिथे पेडल नव्हतंच. मला खालून ती धप्प ऐकू यायची.

त्या आठवड्यात स्वावा मला घेऊन वॉल्टरच्या घरी गेली. तो अंगणात बीट उपटत होता.

"वॉल्टर, दोन्हीकडे चालेल असा एकच पॅड हवा. धावपट्टीवरही आणि बेकरीसमोरही."

"लग्नातही मिरवेल आणि गोठ्यातही चालेल असा बूट हवा म्हण की."

"थट्टा नको आज."

त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि हातातलं बीट खाली ठेवलं. "आहे तसा. मधल्या स्वभावाचा. गार असतानाही धरतो. पण धावपट्टीवर शर्यतीच्या पॅडएवढी आग सोसणार नाही. तुझ्या त्या मोठ्या फेऱ्या गेल्या. दोन सेकंद तरी हरशील."

"हरते."

"आणि त्याला वारा द्यायला लागेल. डिस्कवर थंड हवा सोड, म्हणजे बिचारा टिकेल."

दोन सेकंद म्हणजे काय, ते स्वावालाच माहीत. उन्हाळाभर ती अर्ध्या-अर्ध्या सेकंदासाठी जीव टाकत होती. पण ती लगेच घरी आली आणि पत्रा कापायला बसली. बंपरच्या खाली दोन तोंडं केली आणि तिथून कपडे वाळवायच्या मशीनची लवचिक नळी आणून थेट माझ्यामागे सोडली. गाडी पळायला लागली की गार वाऱ्याचा झोत माझ्या पाठीवर! मला तर उन्हाळ्यात कुणीतरी पंखा घालावा तसं झालं. मग ते मधले पॅड आले. तिनं त्यांना रिकाम्या रस्त्यावर पंधरा-वीसदा हळूहळू तापवून, निववून डिस्कशी जुळवून घेतलं. नवी सून घरात रुळावी, तेवढा धीर धरला.

आणि मग सुरू झालं मोजमाप. सकाळी सहाला, गाडी रात्रभर उघड्यावर गारठलेली, बंदराच्या मोकळ्या आवारात ती यायची. साठचा वेग, खडूच्या रेघेवर ब्रेक, थांबली की उतरून टेपनं अंतर. आधी साधे पॅड लावून, मग मधले, आणि नंतर ते शर्यतीचेसुद्धा. खडूनं डांबरावर आकडे लिहायची.

तिसऱ्या सकाळी इंगुन चालत आली. अंगात कोट, गळ्यात मफलर, हातात पेशंटची माहिती लिहायची वही.

"एकदा मोजून आकडा लिहितेस? आम्ही ब्लडप्रेशर तीनदा घेतो. टेप इकडे आण."

त्या सकाळी दोघींनी मिळून सगळं पुन्हा केलं. प्रत्येक पॅड तीन वेळा, प्रत्येक वेळी गार करून. गार अंगानं साधे पॅड सोळा मीटर. शर्यतीचे तेवीस. मधले सोळा, सोळा आणि साडेपंधरा. इंगुननं आकड्यांखाली रेघ मारली.

"पाय तुझा होता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हे सगळे आकडे तुझ्या पायाचे. माझ्या पायाला किती लागतात?"

स्वावा गाडीतून उतरली आणि तिनं दार उघडं धरलं. इंगुन आत बसली. मला तिचा पाय ओळखू आला, तोच जपून पडणारा. साठचा वेग आला, रेघ आली. तिनं दाबलं आणि लगेच दचकून सैल केलं. मी धरलं आणि सुटलो. पुन्हा दाबलं. थांबलो.

स्वावानं टेप ताणला, आकडा वाचला आणि पुन्हा एकदा मोजला.

"किती?"

"सत्तावीस."

"आणि पॅड मधलेच?"

"तेच. सगळं तेच."

इंगुन स्टिअरिंगवर हात ठेवून सरोवराकडे बघत बसली. "म्हणजे गिस्लीच्या वेळी निम्मं तुझ्या पॅडचं होतं आणि निम्मं माझ्या पायाचं."

"इंगुन, तसं काही..."

"अगं, मी रडत नाहीये. हे शिकता येतं ना? येत्या रविवारी मला घेऊन चल."

ऑक्टोबरचा दुसरा रविवार, धावपट्टीवरचा वर्षातला शेवटचा. ऊन स्वच्छ, वारा बोचरा. इंगुननं स्वावाचं जुनं हेल्मेट घातलं. ते डोक्यावर घंटेसारखं हलत होतं. वॉल्टर शेजारी बसला. धावपट्टीवर त्यानं दोन नारिंगी शंकू ठेवले होते.

"पहिल्या शंकूला पाय खाली. सगळा. आणि गाडी उभी राहीपर्यंत वर आणायचा नाही. मी ओरडलो तरी, गाडी ओरडली तरी."

"काही तुटलं तर?"

"तुटलं तर माझ्यावर ढकल. आयुष्यात कधी एकदा तरी ब्रेक पूर्ण दाबला आहेस?"

"नाही."

"पन्नास-पन्नास वर्षं गाडी चालवतात, पण कुणीच दाबत नाही. दारात कुत्रा पाळतात आणि त्याला भुंकूच देत नाहीत."

पहिल्या खेपेला तिनं सोडलं. दुसऱ्या खेपेला सोडलं, पण उशिरा. तिसऱ्या खेपेला शंकू आला आणि तिचा पाय असा खाली आला, असा खाली आला की मला वाटलं ही स्वावाच! ऑइल दणक्यानं आलं, चारही पिस्टन एकदम पुढे झाले, पॅडनी डिस्क पकडली आणि पाय वर आला नाही. आला नाही! गाडीचं नाक जमिनीला लागायला आलं, वॉल्टरची टोपी समोरच्या काचेवर गेली आणि आम्ही उभे. दुसरा शंकू अजून कितीतरी लांब होता.

मग इंगुन म्हणाली, "परत."

"दम तर घे."

"परत!"

ती अकरा वेळा गेली. ऐंशीनं, शंभरनं, शेवटी एकशेतीसनं. पाठीवर वाऱ्याचा झोत येत होता, पॅड गरम होते पण शहाणे होते, पेडल दगडासारखं घट्ट. दर खेपेला ती हेल्मेटमधून ओरडत होती, आणि ती स्वावाचीच आरोळी होती. घरातल्या कुणाकडून तरी दोघींना सारखीच मिळालेली. स्वावा कडेला उभी राहून हात वर करकरून नाचत होती. स्वतःची पाळी आली ते तिच्या लक्षातही आलं नाही. तिनं त्या दिवशी चारच फेऱ्या मारल्या. अडीच सेकंदांनी हळू. खाली उतरली तेव्हा हसत होती, पण मी तिचा पाय ओळखतो. शेवटच्या फेरीला त्या वळणावर त्या पायानं किंचित उसासा टाकला होता.

घरी जाताना गाडी इंगुननं चालवली. जॅक नाही, पाना नाही, जे लावलं होतं तेच लावून. पण ती घरी वळलीच नाही. गिस्लीच्या दारात थांबली.

गिस्ली दातांत साखरेचा खडा धरून कॉफी पीत बसला होता.

"कोट घाला," इंगुन दारातूनच म्हणाली.

"आज रविवार. आज माझं प्रेशर बघायचा दिवस नाही."

"तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

"पुन्हा गाडीसमोर उभं करणार आहेस?"

"गाडीत बसवणार आहे."

दोघी बहिणींनी त्याला धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा आवळला. बंदराच्या आवारात डांबरावर खडूचे आकडे अजून होते. इंगुननं साठ गाठले. रेघ आली. पाय खाली, सगळा. आम्ही जागच्या जागी.

गिस्लीचा साखरेचा खडा तोंडातून उडून समोर पडला होता. त्यानं तो बघितला, इंगुनकडे बघितलं.

"घाबरलात?" तिनं विचारलं.

"कॉफी घशाशी आली." मग त्यानं खडा उचलला, फुंकला, पुन्हा तोंडात टाकला आणि पट्टा चाचपून पाहिला. "आता उलट्या बाजूनं. उन्हाकडे तोंड करून."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आठला, इंगुन एकटीच गाडी घेऊन निघाली. सगळ्यात लांबच्या शेतापासून सुरुवात केली.

त्यानंतर अख्खा हिवाळा मी तिच्याबरोबर काढला. बर्फ, मीठ, चिखल. रोज संध्याकाळी ती गरम पाण्याची बादली आणून माझ्यावरचं मीठ धुते. गाडी धुवायला नेहमी विसरते, पण मला धुते. महिन्यातून एकदा चाक काढून पॅडची जाडी मोजते आणि वहीत लिहिते. तीनदा मोजून.

आणि आज मे महिन्यातला पहिला रविवार! नावांच्या यादीत एका गाडीपुढे दोन नावं आहेत. स्वावानं डिकीत शर्यतीचे पॅडही टाकलेत. "आज फक्त एक पाळी, मग संध्याकाळी बदलते, तुझ्यासमोर बदलते," असं सकाळपासून चौथ्यांदा सांगतेय. इंगुन म्हणतेय, "आधी मी जाते, तू नंतर काय ते कर." दोघी एकाच हेल्मेटवरून भांडताहेत, कारण नव्याचा पट्टा उंदरानं कुरतडलाय. वॉल्टर लांबून ओरडतोय की निकाल लावा, नाहीतर मीच चालवतो.

मला कोण दाबणार ते अजून ठरलेलं नाही. पण जाता जाता एक मागणं मागतो. तुमच्या गाडीच्या चाकातही माझा कुणी भाऊबंद अंधारात बसलेला असेल. त्याचं ऑइल वेळेवर बदला, त्याचे पॅड झिजलेत का बघा. आणि एखाद्या रिकाम्या, मोकळ्या जागी, आजूबाजूला कुणी नसताना, एकदा त्याला पूर्ण दाबा. मनापासून दाबा आणि सोडू नका. तो तुम्हाला काय देऊ शकतो, ते त्यालाही कळू दे आणि तुम्हालाही.

दार लागलं. पट्टा अडकला. इंजिन सुरू झालं.

पाय इंगुनचा आहे!